शंभरातली एक ओळ

वंदनाताई गवईंनी माझ्या देखत पहिल्यांदा कोणाला मारलं, तेव्हा मला त्या ऑफिसात लागून नऊ दिवस झाले होते. मारलं ते त्यांच्या नवऱ्याला, आणि मारलं कीबोर्डने.

खामगावात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, त्याच्या वर दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. जिल्ह्यातले साठ-सत्तर दवाखाने, लॅब आणि एक्स-रे सेंटरं आमचं सॉफ्टवेअर वापरायची. पेशंटचं नाव टाकलं की जुने रिपोर्ट, पत्ता, पुढची तारीख, सगळं समोर यायचं. मी फोनवर असायचे. कोणाला बिल निघत नाही, कोणाचा पासवर्ड हरवला, ते निस्तरायचं माझं काम. ही सगळी माहिती जिथं साठायची तो डेटाबेस ताई सांभाळायच्या.

दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. एक माणूस जिन्यावरून वर आला, सरळ ताईंच्या टेबलापाशी गेला आणि म्हणाला, "वंदे, घरी चाल." ताईंनी मान वर केली नाही. त्यानं त्यांची वेणी हाताला गुंडाळली आणि खेचली. खुर्ची मागे कलंडली. ताई ओरडल्या नाहीत. त्यांचा उजवा हात टेबलावर चाचपडला, कीबोर्ड सापडला, वायरीसकट उपटला आणि त्याची धार त्या माणसाच्या तोंडावर बसली. बटणं लाह्यांसारखी उडाली. तो खाली बसला. ताईंनी अजून एक मारला. मग तो ओठावर हात धरून, भिंतीला रक्ताची बोटं पुसत जिना उतरून गेला.

आम्ही सगळे उभे होतो. ताई वेणी नीट करत माझ्याकडे वळल्या. "रेखा, एंटर कुठी गेलं ते पाह्य बरं."

ते माझ्याच टेबलाखाली गेलं होतं. त्यावर रक्त होतं. ताईंनी ते बेसिनमध्ये धुतलं, पदराला पुसलं, जागेवर दाबून बसवलं आणि पुढचं काम त्याच कीबोर्डवर केलं. त्यांच्या उजव्या कानाची पाळी खालपर्यंत चिरलेली होती, ते माझ्या त्या दिवशी लक्षात आलं. कानातलं ओढून काढलं की कान तसा होतो. त्या फक्त डाव्या कानात घालायच्या, एक बारीकसा खडा. मी त्यांना पहिलं वर्षभर घाबरत होते.

उंचीनं बेताच्या, अंगानं काटक. तोंडात कायम एक लवंग. आवाज असा की सर्व्हरच्या खोलीतून बोलल्या तरी खालच्या दुकानातला माणूस वर पाहायचा. प्रिंटर अडला की त्याला लाथ. साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, एकदा त्यांना म्हटलं, "मॅडम, जरा सौम्यपणे बोलत जा, पुण्याचे पाहुणे आहेत." तर पाहुण्यांकडे पाहून म्हणाल्या, "काऊन, त्याईले वऱ्हाडी समजत नाई का? मंग मोठ्यानं बोलते."

सकाळी मात्र एक तास त्या कोणाशी बोलत नसत. हातात कागदांचा गठ्ठा आणि लाल पेन. डेटाबेसला कोणी काहीही विचारलं की त्याची एक ओळ आपोआप लिहिली जाते: कोणी विचारलं, कुठून, काय, किती वाजता. दिवसाला अशा लाखो ओळी. त्या सगळ्या लिहून ठेवायच्या तर यंत्र धापा टाकतं आणि जागाही पुरत नाही. म्हणून ताईंनी शंभरातली एक ओळ ठेवायची असं लावून दिलं होतं. त्या नमुन्यातल्याही थोड्या छापून त्या वाचायच्या. सोमवारी कुठल्या वेळेला गर्दी होते, कोणता शोध हळू चालतो, लोक काय धुंडाळतात आणि त्यांना सापडत नाही, हे सगळं त्यांना त्या कागदांवरून कळायचं. मलकापूरकडे डेंग्यूच्या तपासण्या वाढल्या आहेत, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या आधी त्या सांगायच्या.

पेशंटची नावं त्यांनी त्या ओळींतून झाकून टाकलेली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "कोणाले काय दुखते त्याच्याशी मले काय कराचं? लोकं काय विचारून राह्यले तेवढं मले पुरते. माणूस सांगते तं सोयीचं सांगते. विचारते तेव्हा त्याच्या पोटातलं बाहेर येते."

मलकापूरच्या एका दवाखान्यात एक बाई दगावली, तो दिवस मी विसरणार नाही. नातेवाइकांनी दवाखाना फोडला. आमचा तिथला संगणकही फुटला म्हणून ताई आणि मी गेलो. पायाखाली काच करकरत होती. डॉक्टर आतल्या खोलीत कडी लावून बसले होते. मेलेल्या बाईचा दीर हातात सलाईनचा लोखंडी स्टँड घेऊन उभा होता, मागे पंधरा-वीस माणसं. त्यांचं म्हणणं, रक्ताचा रिपोर्ट सकाळीच आला होता, डॉक्टरनं तो उघडलाच नाही. डॉक्टरचं म्हणणं, लगेच पाहिला.

कोणीतरी त्या दिराला सांगितलं होतं की या बाईकडे सगळ्याची नोंद असते.

"मॅडम, तुमच्यात दिसते ना? सांगा याईले. डॉक्टरनं पाह्यला का रिपोर्ट?"

ताईंनी सोबत आणलेल्या लॅपटॉपवर पाहिलं. "डॉक्टरनं रिपोर्ट उघडला अशी ओळ माह्याजवळ नाई."

गर्दीतून आरोळी उठली. ताईंनी हात वर केला. "पूरं ऐका! मी शंभरातली एक ओळ ठेवते. नव्व्याण्णव मले माहीत नाई. ओळ नाई याचा अर्थ त्यानं पाह्यला नाई, असा होत नाई. मी तसं म्हणणार नाई."

"डॉक्टरनं पैसे चारले काय बे हिले?" मागून कोणीतरी म्हणालं. आणि त्यासरशी एक स्टूल हवेतून आलं. ते ताईंच्या कपाळाला लागलं. भुवई उघडली, रक्त डोळ्यात उतरलं. त्यांनी एक डोळा मिटला आणि दुसऱ्यानं त्या दिराकडे पाहत पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच आवाजात. "मले माहीत नाई."

भुवईला सहा टाके पडले. पट्टी बांधून त्या परत त्याच दवाखान्यात गेल्या आणि फुटलेल्या संगणकाची डिस्क काढून घेऊन आल्या. दोन दिवस खटपट करून त्यांनी त्यातून डॉक्टरनं रिपोर्ट उघडल्याची वेळ बाहेर काढली. रिपोर्ट आल्यावर तीन तासांनी. डॉक्टर खोटं बोलत होता. ताईंनी तो कागद स्वतः नेऊन त्या दिराच्या हातात दिला. आता माहीत झालं, म्हणून दिला. डॉक्टरनं आमचं सॉफ्टवेअर बंद केलं. साहेबांनी ताईंना खूप झापलं. त्या दिरानं माफी मागितली की नाही, मला ठाऊक नाही. ताईंनी कधी सांगितलं नाही.

आता मला ते सांगायला हवं, जे मी टाळत आले.

जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका गावची, माझ्याच कुणबी समाजातली कोमल नावाची मुलगी सुमेध नावाच्या मुलासोबत पळून आली होती. तो बौद्ध घरातला, मोबाइल दुरुस्तीचं काम करायचा. दोघांनी रजिस्टर लग्न केलं होतं आणि खामगावात खोली घेऊन राहत होते. कोमल सात महिन्यांची गरोदर होती. यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

मंगळवार होता. सकाळचे दहा वाजून गेले होते. ताई कागद वाचत होत्या आणि त्यांचं पेन एका ओळीवर थांबलं.

"रेखा, गरोदर बाईचा एक्स-रे कोणी काढते का?"

"नाही हो. उलट गरोदर आहे का ते विचारूनच काढतात."

"मंग हा एक्स-रे सेंटरवाला जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांत गरोदर बाया काऊन धुंडून राह्यला?"

मी उठून पाहिलं. आदल्या दिवशीची ओळ होती. एका तालुक्याच्या गावातल्या एक्स-रे सेंटरच्या क्लार्कनं विचारलं होतं: स्त्री, वय एकवीस ते तेवीस, प्रसूती विभाग, सर्व केंद्रे, पुढील तपासणीची तारीख. नाव झाकलेलं होतं.

ओळीच्या शेवटी त्या क्लार्कचं यूजरनेम होतं. ते वाचलं आणि मी एकदम मागे सरले. साधारण तीन आठवड्यांपूर्वी त्याचा मला फोन आला होता. फार गोड बोलला होता. "मॅडम, एका पेशंटचं आडनाव बदललंय, कोणत्या दवाखान्यात जाते तेबी माहीत न्हाई, कसं हुडकायचं?" मी त्याला शिकवलं होतं. आडनाव रिकामं सोडा, वय टाका, 'सर्व केंद्रे' निवडा. कोणतीही शंका न येता, एकेक पायरी, दोनदा समजावून.

मी ताईंना हे सांगितलं नाही.

ताईंनी नावावरचं झाकण काढलं. कोमल. त्यांनी तिची नोंद उघडली. शेऱ्याच्या रकान्यात तिच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं: 'माहेरच्यांपासून धोका. पत्ता कोणालाही देऊ नये.' त्याच्याच खाली पत्ता होता आणि पुढची तारीख. तारीख आजची. वेळ अकरा.

साहेब केबिनमधून बाहेर आले. ताईंनी दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाल्या, "पोलिसाले फोन लावा."

"मॅडम, आधी खात्री करू. उगाच आपल्या क्लायंटवर आळ..."

"तुम्ही करा खात्री," ताई म्हणाल्या आणि स्कूटरची किल्ली उचलली. "रेखा, चाल. मांगं बस अन् दवाखान्यात फोन लाव. पह्यले पोलीस, मंग दवाखाना."

मी बसले. पोलिसांना पत्ता सांगितला. दवाखान्याचा फोन लागेना. बाजाराचा रस्ता, हातगाड्या, हॉर्नवर ताईंचा अंगठा तसाच दाबलेला. चौथ्यांदा फोन लागला. तिथल्या मुलीनं विचारलं, "कोण बोलता तुम्ही?" मी ओरडले, "कोमल नावाची बाई आली असेल, तिला आत घ्या, दार लावा!" ती म्हणाली, "बाहेर पायरीवर बसल्या आहेत, नंबर यायचा आहे त्यांचा." मी परत ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही.

दवाखान्याच्या गल्लीत वळलो तेव्हा सुमेध फाटकाशी पाण्याची बाटली घेऊन येत होता. मोटारसायकलवरून दोघं उतरले. एकाच्या हातात पाईप होता, दुसऱ्याच्या हातात शेतातली कुऱ्हाड. कुऱ्हाडवाला कोमलचा सख्खा भाऊ, पाईपवाला चुलत. पाईप सुमेधच्या गुडघ्यावर बसला. तो वाकला. त्याच्या मानेवर कुऱ्हाड आली. मी तो आवाज ऐकला. बाटली हातातून सुटली नव्हती, ती त्यानं घट्ट आवळली आणि पाणी वर उडालं.

पायरीवर कोमल उभी राहिली होती. दवाखान्यातली मुलगी तिला दंडाला धरून आत ओढत होती आणि कोमल ओढली जात नव्हती, ती सुमेधकडे यायला बघत होती. भाऊ तिच्याकडे वळला.

ताईंनी स्कूटर थांबवलीच नाही. मला वाटलं ब्रेक दाबतील. त्यांनी उलट जोर दिला आणि स्कूटर सरळ त्या भावाच्या कमरेत घातली. मी उडून नालीच्या काठावर पडले. तोही पडला, ताईही. तो आधी उठला. ताई गुडघ्यावर होत्या. त्यानं कुऱ्हाड उचलली, ताईंनी उजवा हात आडवा धरला आणि कुऱ्हाड कोपराच्या खाली शिरली. तिथंच अडकली. त्यानं ओढली, पण ताईंनी डाव्या हातानं दांडा धरला होता. सोडला नाही. तो त्यांना लाथा मारत होता, पोटात, छातीत, आणि त्या दांड्याला लोंबकळत एकच ओरडत होत्या, "दार लाव! दार लाव!"

दार लागलं. मग ऑटोवाले धावले. कोणी वीट मारली, कोणी त्याला मागून धरलं. चुलतभाऊ पळाला, तो संध्याकाळपर्यंत सापडला. पोलिसांची गाडी आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

मी तेवढा वेळ नालीच्या काठावरच होते. माझे गुडघे सोलवटले होते, बाकी काही झालं नव्हतं. उठता आलं असतं. उठले नाही.

सुमेधनं त्याच दवाखान्याच्या व्हरांड्यात जीव सोडला. बाळंतपणाचा दवाखाना तो, तिथं मानेची जखम कोण शिवणार? डॉक्टरीणबाई दोन्ही तळवे त्याच्या मानेवर दाबून बसल्या होत्या. तो चोवीस वर्षांचा होता.

कोमलला चार दिवसांनी मुलगी झाली, वेळेच्या खूप आधी. ती काचेच्या पेटीत महिनाभर राहिली आणि जगली.

ताई अकोल्याला तीन आठवडे दवाखान्यात होत्या. हात वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं परत कधी वाकली नाहीत. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा पोलिसांनी एक्स-रे सेंटरचा संगणक जप्त केला होता. त्या क्लार्कनं कधी कधी काय शोधलं ते सगळं त्यात तसंच होतं. त्याची यादी साहेबांकडे आली होती, ती मी सोबत नेली होती. ताईंनी ती वाचून दाखवायला लावली.

मी वाचत गेले. तारीख, वेळ, शोध. कधी 'कोमल', कधी 'कोमल' दुसऱ्या स्पेलिंगनं, कधी नुसतं वय. तेवीस वेळा. तीन आठवडे.

"माह्या कागदात किती आल्या?"

"एक, ताई. शेवटचीच."

मग त्यांनी डावा हात उचलला आणि पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटला. परत आपटला. बोटांची कातडी फुटली तरी आपटत राहिल्या. मी धरायला गेले तर मला ढकललं. दोन नर्स धावत आल्या, एकीनं हात धरला, दुसरीनं खांदे. ताई दात आवळून म्हणत होत्या, "बावीस गेल्या माह्या समोरून. बावीस! मीच लावून देल्लं होतं शंभरातली एक. माह्या हातानं."

मी त्या यादीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मी त्याला फोनवर शिकवलं तो दिवस यादीतला पहिला होता. तेव्हाही बोलले नाही.

तीन महिन्यांनी त्या कामावर आल्या. सगळ्यात आधी 'सर्व केंद्रे' ही सोय बंद केली. साहेब म्हणाले, दवाखाने नाराज होतील. ताई म्हणाल्या, "होऊ द्या." मग नमुना घ्यायची पद्धतच बदलली. डाव्या हाताच्या एकेका बोटानं टाईप करत महिनाभर बसल्या होत्या. मला समजावून सांगितलं ते असं: "'आजचे रिपोर्ट दाखव' हे दिवसभर सगळेच विचारतात. त्याच्यातली हजारातली एक ठेवली तरी चालते. पण जे कोणीच विचारत नाई, ते एखाद्यानं विचारलं, तं ते पूरंच्या पूरं ठेवाचं. वेगळं काढाचं. मी सगळ्याईले एकाच मापानं मोजत होती. तिथं चुकली."

खटला उभा राहिला आणि धमक्या सुरू झाल्या. भर दुपारी त्यांच्या घरासमोर स्कूटर जाळली. त्यांच्या आई खिडकीत उभ्या होत्या, त्यांच्या गालाला दगड लागला. एकदा आम्ही दोघी ऑफिसातून उतरत होतो, तर मोटारसायकलवरचा एक माणूस हळू होऊन म्हणाला, "मॅडम, दुसरा हात बी हाय तुमचा, ध्यान असू द्या."

"हाव," ताई म्हणाल्या, "अन् आता त्यानंच लिव्हते मी. लिव्हून ठेवते तुह्या गाडीचा नंबर." आणि खरंच तिथंच पर्समधून पेन काढलं. तो पळाला.

माझ्या सासरीही कुजबुज होती. त्या बाईसोबत कशाला फिरते, साक्षीबिक्षीला जाऊ नको, आपल्याच लोकांत राहायचं आहे. मी साक्षीला गेले. पण फोनबद्दल मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ताईंची साक्ष दीड दिवस चालली. आरोपींचा वकील तयारीचा होता. त्यानं विचारलं, "मयत आणि तुम्ही एकाच समाजाचे ना?"

"हाव. अन् कोमल तुमच्या आरोपीच्या समाजाची. मी गाडी घातली ती तिच्यासाठी."

"तुम्ही शंभरातली एकच नोंद ठेवत होता. म्हणजे नव्व्याण्णव तुम्हाला माहीत नाहीत?"

"नाई माहीत."

"म्हणजे तुमची नोंद अपुरी आहे, हे तुम्ही कबूल करता?"

"करते. अपुरी होती." त्यांनी आपला वाळलेला उजवा हात कठड्यावर ठेवला. "पुरी असती तं सुमेध आज जिता असता. तुमी मले हे एकदा विचारलं, वकीलसाहेब. मी रोज विचारते."

वकिलानं पुढचा प्रश्न दुसराच विचारला.

दोघा भावांना जन्मठेप झाली. क्लार्क सुटला. त्याचं म्हणणं, कोमलचा भाऊ त्याचा मित्र, त्यानं सांगितलं बहिणीला घरी आणायचंय, म्हणून नाव पाहिलं, मारणार आहेत हे माहीत नव्हतं. माहीत होतं असं सिद्ध झालं नाही.

निकालानंतर तो कॉरिडॉरमध्ये ताईंसमोर आला. हात जोडले होते. मला वाटतं, खरंच त्याला बोलायचं होतं. "मॅडम, म्या फकस्त नाव हुडकलं हो. माझा काय गुन्हा?"

ताईंनी डाव्या हातानं त्याच्या कानाखाली मारली. तो भिंतीवर आपटला. सावरायच्या आत दुसरी. चष्मा फरशीवर जाऊन फुटला. लोक धावले, एका महिला कॉन्स्टेबलनं ताईंना मागून आवळलं. "कोर्ट आहे हे! किती मारल्या याला?"

"दोन," ताई धापा टाकत म्हणाल्या. "एकवीस राह्यल्या."

क्लार्कनं तक्रार केली नाही. काचा वेचत बसला होता. त्याच्या बोटातून रक्त येत होतं, आणि मला, खरं सांगते, त्याची दया आली. कारण त्याच्या जागी मला मी दिसत होते. कॉन्स्टेबलनं ताईंना तासभर बाकावर बसवून ठेवलं. कोमल मुलीला कडेवर घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी बसली. मुलगी आवाजानं घाबरून रडत होती. ताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि आपला मारका हात पदराखाली घेतला.

त्यानंतर दोन महिन्यांत साहेबांनी ठरवलं की लॉगच, म्हणजे त्या ओळी लिहून ठेवणंच, नको. काही लिहिलं नाही तर कोणी कोर्टात बोलावणार नाही. ताईंना सांगितलं, बंद करा. ताई म्हणाल्या, "माह्या हातानं नाई." आणि राजीनामा ठेवला. त्यांना नागपूरला काम मिळालं. दुपारच्या गाडीनं जाणार होत्या. मी स्टेशनवर गेले. आई पुढे गेली होती, ताई एकट्याच होत्या. एक सुटकेस, एक पिशवी.

गाडी उशिरा होती. बाकावर बसलो. मी जे इतके दिवस गिळून बसले होते ते तिथं बाहेर आलं.

"ताई, त्या क्लार्कला सगळ्या दवाखान्यांत कसं शोधायचं ते मी शिकवलं होतं. फोनवर. दोनदा समजावून."

त्या रुळांकडे पाहत होत्या. "माहीत हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. त्याचं नाव वाचलं तेव्हा तुहं तोंड पाह्यलं होतं मी."

"मग बोलल्या का नाही?"

"बोलली असती तं तू गाडीवर बसली असती का? मले फोन लावाले माणूस पाह्यजे होता."

मी रडायला लागले. म्हटलं, मी काहीच केलं नाही, नुसती पडून राहिले.

"तू फोन लावला म्हणून त्या पोरीनं कोमलले आत वढलं. हे खरं हाय. अन् तू शिकवलं म्हणून त्याले पत्ता सापडला, हे बी खरं हाय. दोन्ही खरं हाय, रेखा. मले राग हाय तुह्यावर. जाईन असं वाटत नाई. माह्यावर तं त्याहून जास्त हाय." मग लवंग थुंकून म्हणाल्या, "पण तू ये नागपूरले. घर पाह्यले ये."

गाडी आली. दोन मिनिटांचा थांबा. मी सुटकेस चढवून दिली, खाली उतरले आणि त्यांच्या खिडकीपाशी गेले. त्यांच्या जागेवर एक धिप्पाड माणूस पाय पसरून बसला होता आणि शेजारी त्याची भलीमोठी बॅग. ताईंनी तिकीट दाखवलं. त्यानं न पाहताच हातानं झटकलं, दुसरीकडे बसा म्हणून. काचेतून ऐकू येत नव्हतं. गाडी हलली. मी हात वर केला.

ताईंनी ती बॅग डाव्या हातानं उचलली आणि डब्याच्या वाटेत भिरकावली. माणूस ताडकन उठला. तो त्यांच्यापेक्षा हातभर उंच होता. ताई मान वर करून त्याच्या तोंडावर काहीतरी बोलत होत्या, डावा हात त्याच्या छातीवर, आणि तो मागे सरकत होता. मी चालत होते, मग पळायला लागले, हात अजून वरच होता. त्यांनी खिडकीकडे वळून पाहिलं नाही. त्यांना वेळच नव्हता.